आज काय शिकवलं?

बालवाडीच्या दारात रोज साडेअकराला एक प्रश्न ऐकू येतो. गेली २६ वर्षं मी तो ऐकते आहे. या काळात पालकांचे पोशाख बदलले, सायकलींच्या जागी स्कूटरी आणि स्कूटरींच्या जागी मोटारी आल्या, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. पण प्रश्नाचा एक शब्द बदललेला नाही. मुलाच्या पायात चपला सरकवता सरकवता आई किंवा आजी विचारते, “आज काय शिकवलं रे बाईंनी?” आणि मुलंही इतकी वर्षं एकच उत्तर देत आली आहेत, “काही नाही. आम्ही खेळलो.”

हे उत्तर ऐकलं की विचारणारीचा चेहरा जरा उतरतो. ती भली बाई असेल तर काही बोलत नाही. नसेल तर माझ्याकडे बघते. त्या बघण्याचा अर्थ मला पाठ झाला आहे. सकाळी झोपेतून उठवून, दूध पाजून, धावतपळत मूल आणून सोडायचं, वर फी भरायची, ती काय खेळण्यासाठी? खेळायला घर काय वाईट होतं?

दारात उभ्या उभ्या या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. एकीकडे कुणाची पाण्याची बाटली हरवलेली असते, दुसरीकडे कुणी डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालून रडत असतं. दिवाळी अंकाच्या वाचकाला मात्र थोडी सवड असते. तेव्हा त्या ‘काही नाही’मध्ये काय काय असतं, ते आज सविस्तर सांगावं म्हणते.

आमची बालवाडी डोंबिवलीला, पूर्वेला. त्यामुळे आमच्या ठोकळ्यांच्या कोपऱ्यात वर्षातले आठ महिने रेल्वे-स्टेशन उभं असतं. मागच्या श्रावणातली गोष्ट सांगते. दोन मुलगे पूर्वेकडून पश्चिमेला जायचा पूल बांधत होते. एका बाजूला मोठा ठोकळा उभा केला, दुसऱ्या बाजूला लहान, आणि वर फळी ठेवली. फळी घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. एकानं ती हातानं धरून ठेवायचा उपाय काढला. पण मग गाडी कोण चालवणार? दोघंही विचारात पडले.

मी हातभर अंतरावर बसले होते. ‘अरे, दोन्हीकडे सारख्या उंचीचे ठोकळे लावा’ हे एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते मी बोलले असते तर पूल लगेच झाला असता, आणि तो माझा पूल झाला असता. मी एवढंच केलं, की लहान ठोकळ्यांची टोपली त्यांच्याजवळ सरकवली आणि पुन्हा गप्प बसले. पाच-सात मिनिटं गेली. मग त्यातल्या एकानं लहान ठोकळ्यावर दुसरा लहान ठोकळा चढवला, मान वाकडी करून मोठ्या ठोकळ्याशी ताडून पाहिला, आणि असा काही ओरडला की भातुकलीतल्या बायका स्वयंपाक सोडून धावत आल्या. दोन लहान म्हणजे एक मोठा! हा शोध त्याचा स्वतःचा होता. पुढे तिसरी-चौथीत फळ्यावर ‘अर्धा अधिक अर्धा बरोबर एक’ लिहिलं जाईल, तेव्हा त्याच्या हाताला ते आधीच ठाऊक असेल.

पूल झाला तसे उतारू आले. उतारू आले म्हणजे तिकिटं हवीत. एक मुलगी कागदाचे तुकडे घेऊन बसली आणि प्रत्येक तुकड्यावर चार वाकड्या रेघा ओढून देऊ लागली. “हे ठाण्याचं. हे कल्याणचं.” ठाण्याच्या रेघा वेगळ्या आणि कल्याणच्या वेगळ्या, हे तिनं मला बजावून सांगितलं. तिला अजून एकही अक्षर येत नाही. पण कागदावरची खूण म्हणजे तोंडातला शब्द, हे सगळ्या लेखनाचं मूळ तिच्या हाती लागलं आहे. मग रांग लावायची की नाही यावर भांडण झालं. “मी आधी आलो”, “तू नंतर ये”, “बाळाला घेतलंय ना मी, मला आधी दे” अशी वादावादी झाली आणि तडजोडही झाली. आपलं म्हणणं दुसऱ्याला पटेल अशा शब्दांत मांडायचं शिक्षण याहून वेगळं काय असतं?

आणि साडेअकराला यातल्या प्रत्येकानं घरच्यांना सांगितलं, “काही नाही. आम्ही खेळलो.”

पाण्याच्या टबाजवळही असंच चालतं. नरसाळं, वाट्या, उंच निमुळता पेला, पसरट भांडं, एक गाळणी, एवढंच सामान. उंच पेल्यातलं पाणी पसरट भांड्यात ओतलं की चार वर्षांचं मूल शपथेवर सांगतं, पाणी कमी झालं. परत पेल्यात ओतलं की म्हणतं, वाढलं! ज्याँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञानं मुलांच्या विचाराची ही रीत बारकाईनं पाहून लिहून ठेवली. भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं, ही समज साधारण सातव्या वर्षाच्या आसपास पक्की होते. तोपर्यंत तुम्ही कितीही समजावा, मूल मान डोलावेल आणि मनात म्हणेल, कमीच झालं. त्याच्या शहाणपणाचा रस्ता शेकडो वेळा इकडचं पाणी तिकडे करण्यातून जातो. त्यासाठी आपण टब भरून ठेवायचा आणि नंतर लादी पुसायची. लादीसुद्धा त्यानंच पुसली तर अधिक बरं.

कारण पुसण्यातही शिक्षण आहे. ओलं फडकं दोन्ही हातांनी पिळताना मनगट फिरतं, बोटांत बळ येतं. लिहिण्याची खरी पूर्वतयारी ती. आपल्या मनगटात आठ लहान हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या हाताचं क्ष-किरण चित्र काढलं तर त्यातली दोन-तीनच दिसतात. बाकीची अजून कूर्चेच्या रूपात असतात आणि पुढे वर्षावर्षानं हळूहळू कठीण होत जातात. असल्या हातात पेन्सिल देऊन ओळीनं ‘अ’ गिरवून घ्यायचा, तो रेघेच्या बाहेर गेला की खोडून पुन्हा काढायला लावायचा, याला काय म्हणावं? त्याच हाताला कणीक मळायला द्या, मटार सोलायला द्या, मणी ओवायला द्या, फळ्यावर ओल्या कुंचल्यानं मोठमोठे गोल काढू द्या. पाच-साडेपाचला तो हात पेन्सिल मागून घेईल, आणि मग ‘ग म भ न’ यायला फार दिवस लागणार नाहीत.

हे काही माझं नवीन संशोधन नव्हे. फ्रेडरिक फ्रबेलनं जर्मनीत १८३७ मध्ये लहान मुलांसाठी खेळाची शाळा काढली आणि पुढे तिला ‘मुलांची बाग’ असं नाव दिलं. मारिया माँटेसरीबाईंनी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत १९०७ मध्ये कामकऱ्यांच्या मुलांसाठी आपलं ‘बालगृह’ उघडलं. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. तिथे त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

ताराबाईंच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट १९४५ नंतरची आहे. शहरातल्या सुखवस्तू मुलांची बालमंदिरं चांगली चालली असताना त्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या वारल्यांची मुलं शाळेत येईनात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत होतं, कुणी गुरांमागे होतं. तेव्हा या बाया मुलांच्या अंगणात जाऊन बसल्या आणि त्यातून अंगणवाडी उभी राहिली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हटलं. महागडी साधनं आणायला पैसा नव्हता; मग शंख-शिंपले, चिंचोके, गारगोट्या, पानं, बिया हीच साधनं झाली. चिंचोके मोजायचे, पानं आकारानं लावायची, गारगोट्यांची हलकी-जड अशी क्रमवारी करायची. मोजणं, तुलना करणं, क्रम लावणं हे सगळं त्यात आलं. भारत सरकारनं १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि ‘अंगणवाडी’ हा आपला साधा मराठी शब्द देशाच्या कानाकोपऱ्यात जाऊन पोचला. मूल शाळेजोगं होईपर्यंत थांबायचं नाही, शाळा मुलाजोगी करायची, एवढा मोठा विचार त्या छोट्या शब्दात भरलेला आहे.

आता कुणी म्हणेल, मग मुलांना मोकळं सोडलं की झालं, बाईंची गरज काय? हाही एक गैरसमज आहे. मोकळं सोडलेल्या खोलीत अर्ध्या तासात काय होतं ते मी इतर ठिकाणी पाहिलेलं आहे. दांडगा मुलगा सगळे ठोकळे आपल्याकडे ओढतो, मुलींची भातुकलीकडे बोळवण होते, लाजरं मूल भिंतीशी उभं राहतं, आणि बाई मोबाइलवर मुलांचे फोटो काढून पालकांना पाठवण्यात गुंतलेल्या असतात. खेळाला माणूस लागतं. पण ते कसं लागतं, हे कळायला माझी पहिली काही वर्षं गेली.

मुलं येण्याआधीचा अर्धा तास आमचा खरा कामाचा. आज काय बाहेर ठेवायचं आणि काय कपाटात ठेवायचं, हे त्या वेळी ठरतं. सगळंच बाहेर मांडलं तर मूल भांबावतं आणि नुसती उलथापालथ करतं. थोडं मांडलं, मुलाच्या हाताला येईल अशा बुटक्या फडताळावर मांडलं, तर ते निवडतं. प्रत्येकाला एक लहान चटई दिली की त्या चटईवरचं काम त्याचं. दुसऱ्यानं विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. एकदा खेळ रंगला की निदान पाऊण तास घंटा वाजवायची नाही. आणि मग बघायचं. कोण कुठे अडलं आहे, कोण एकटं आहे, कोण तोच तो खेळ कंटाळून खेळतं आहे, हे बघितल्याशिवाय मदत करता येत नाही.

बोलण्याचंही तसंच. ‘वा! छान!’ म्हटलं की मूल खेळाकडून वळून माझ्याकडे बघायला लागतं. त्यापेक्षा ‘आता वरून मालगाडी आली तर पूल टिकेल का?’ असं विचारलं, तर ते पुन्हा पुलाकडे वळतं. ‘हा ठोकळा जड आहे’, ‘तू तिला वाट दिलीस’ असं जे घडलं ते नुसतं शब्दांत सांगितलं तरी त्याला शब्द मिळतो. आणि पुष्कळदा काहीच न बोलणं सगळ्यात बरं.

तीन-चार वर्षांपूर्वी जूनमध्ये एक मुलगा आमच्याकडे आला. वय चार पूर्ण. आधी तो दुसऱ्या एका ठिकाणी जात होता. त्याला एकपासून शंभरपर्यंत आकडे लिहिता येत होते, इंग्रजी मुळाक्षरं येत होती, आणि त्याची वही कुणालाही दाखवावी अशी होती. पण तो मातीला हात लावत नसे. रंगाचा कागद पुढे ठेवला तर विचारी, “बाई, कुठला रंग देऊ?” रंग दिला तर विचारी, “बाई, बरोबर आहे?” एका सकाळी मी मोजलं; दहापर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. अंगणात बदामाच्या झाडाखाली आमचा वाळूचा चौक आहे. त्याच्या कडेच्या पायरीवर तो उभा राही आणि बाकीच्यांचा खेळ बघे. जून गेला, जुलै गेला. वडील रोज विचारत, “लिहायला कधी घेणार?” माणूस सज्जन, हिशेब तपासण्याच्या धंद्यातला. शेवटी गणपतीनंतर त्यांनी सांगून टाकलं, “बाई, दिवाळीपर्यंत बघतो. नाही तर मला दुसरीकडे घालावं लागेल.”

मी त्या मुलाला एकदाही ‘वाळूत उतर’ म्हटलं नाही. त्याला झारी भरून आणायचं काम दिलं. नळ ते वाळूचा चौक, एवढीच त्याची फेरी. ते काम तो अगदी हिशेबानं करी, एक थेंब सांडत नसे. नवरात्रात एक दिवस वाळूत विहीर खणायचं चाललं होतं. मुलं पाणी ओतत आणि ते जिरून जाई. तीन झाऱ्या गेल्या. चौथी भरून आणल्यावर तो काठावर थांबला आणि म्हणाला, “खाली प्लास्टिक टाका. मग नाही जाणार.” कुणी न विचारता तो बोललेलं हे पहिलं वाक्य. मुलांनी इकडेतिकडे पाहिलं. प्लास्टिक आणणार कोण? मग तोच आत गेला, टाकाऊ सामानाच्या खोक्यातून दुधाची पिशवी काढली, मला न विचारता कातरीनं उभी फाडली, आणि सरळ वाळूत गुडघे टेकून बसला.

त्या दिवशी वडील फीचे पैसे द्यायला लवकर आले होते. ते दारात उभे राहून हे बघत होते. विहिरीत पाणी राहिलं, आरडाओरडा झाला, सगळ्यांचे कपडे चिखलानं भरले. घरी जाताना त्यांनी मुलाला ‘काय शिकवलं’ म्हणून विचारलं नाही. दिवाळीनंतर मुलगा आमच्याकडेच आला. पुढे जूनमध्ये रीतसर मोठ्या शाळेत गेला. वडील मध्यंतरी बाजारात भेटले, तेव्हा म्हणाले, “गॅलरीत एक टब वाळू ठेवली आहे. हिच्या झाडांचे हाल चालले आहेत.” यात माझी करामत फारशी नव्हती. साडेतीन महिने त्याला कुणी घाई केली नाही आणि त्याच्या हाताला जमेल असं एक काम दिलं, एवढंच.

पालकांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांचं भय खोटं नाही. लहानशा जागेतला संसार, दोघांची नोकरी, शेजारच्या मुलाला इंग्रजी कविता येतात हे रोज कानावर पडणं, आणि मोठ्या शाळेतल्या प्रवेशाची टांगती तलवार. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीनं १९९३ मध्येच सांगितलं होतं, की बालवर्गाच्या प्रवेशासाठी परीक्षा आणि मुलाखती बंद करा आणि या वयात लिहिण्या-वाचण्याचा मारा करू नका. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळाप्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाळणी लावायला मनाई केली. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ ही पाच वर्षं एकत्र धरून त्यांचं शिक्षण खेळातून व्हावं असं म्हटलं. कागदावर सगळे एकमत आहेत. तरीही साडेतीन वर्षांच्या मुलाला घरचा अभ्यास देणाऱ्या शाळेपुढे रांग लागते. कारण वही दाखवता येते आणि वाळूतली विहीर संध्याकाळपर्यंत राहत नाही.

म्हणून पालकांना एवढंच सुचवते, की प्रश्न जरा बदलून बघा. ‘आज काय शिकवलं?’ याला मुलाजवळ उत्तर नसतं, कारण त्याला कुणी काही शिकवल्याचं जाणवलेलंच नसतं. ‘आज काय बांधलंस?’, ‘कुणाबरोबर?’, ‘पडलं तेव्हा काय केलंत?’ असं विचारा. मग जेवण गार होईपर्यंत ऐकावं लागेल, याची तयारी ठेवा.

आणि घरी साधनं विकत आणायची फार गरज नाही. कणकेचा गोळा, मटाराच्या शेंगा, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं, ताटवाट्या मांडताना ‘आज आपण किती जण?’ हा हिशेब, यात सगळं आहे. फक्त अगदी लहानांच्या हातात मणी किंवा वाटाणे देताना जवळ बसा. नाकाकानात घालायला त्यांना क्षण पुरतो.

आता तर दिवाळीच आली. आपल्याकडे या दिवसांत मुलं किल्ला करतात, आणि माझ्या मते त्याहून चांगली बालवाडी कुणी अजून काढलेली नाही. हल्ली बाजारात तयार किल्ले मिळतात. आणून ठेवला आणि मावळे मांडले की झालं. तेवढं मात्र करू नका. मातीचं एक पोतं, थोडे दगड-विटा आणि एक जुनं गोणपाट आणून द्या. वरच्या इयत्तेतली ताई-दादा आराखडा करतील. चार वर्षांच्या धाकट्याला चिखल कालवायचं आणि थापायचं काम द्या. बुरूज ढासळेल. ढासळू द्या. पायऱ्या इतक्या उंच होतील की मावळ्याला चढता येणार नाही. ते त्यांचं त्यांना दिसेल. उतारावर अळीव पेरायला सांगा आणि रोज पाणी शिंपडायचं काम धाकट्याकडेच द्या. तीन-चार दिवसांत हिरवे कोंब वर येतात. तेव्हा तो तुम्हाला हात धरून ओढत बघायला नेईल. त्या वेळी हातातलं काम बाजूला ठेवून जा, आणि तो जे सांगेल ते ऐका.